सीतेचा नवरा घरी आला

आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण ज्यानं पहिल्यांदा केली त्यानं आमची हिंगोलीची बैठक नक्की पाहिलेली असणार. मोठ्या माणसांना लिहाय-वाचायला आणि हिशेब करायला शिकवणारे आम्ही सगळे महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, तिथल्या धर्मशाळेत जमत असू. कुणी औंढ्याहून येई, कुणी कळमनुरीकडून, मी डोंगरकड्याहून. एकेकानं उठून सांगायचं, की मी या महिन्यात असं असं शिकवलं आणि त्याचा असा असा उपयोग झाला. बाकीच्यांनी ते ऐकून घ्यायचं आणि आपापल्या वर्गात करून बघायचं. ऐकायला फार गोड. प्रत्यक्षात ज्याच्या पोतडीत काही होतं तो तोंड उघडत नसे, आणि ज्याच्या पोतडीत नुसता वारा होता तो उन्हं कलेपर्यंत बोलत असे.

मला त्या बैठकीचा मनस्वी राग होता. पुरुष मास्तर सतरंजीवर ऐसपैस बसत. आम्ही दोघी बाया दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी. कुणाला तहान लागली की पाणी द्यायला उठायचं आम्हीच. औंढ्याचे मास्तर दर महिन्याला एकच गोष्ट सांगत, की मी बाराखडी टाळ वाजवून म्हणून घेतो. दर महिन्याला सगळे माना डोलवत, जणू आजच ऐकलं.

मध्यभागी वकीलसाहेब बसत. वर्गांची परवानगी त्यांच्या नावावर होती. निजामाचं राज्य होतं, सरकारी शाळेत सगळं उर्दूत चाले, आणि चार माणसांना मराठीतून शिकवायचं म्हटलं तरी वरपर्यंत अर्ज करावे लागत. ते त्यांनी केले होते, हे खरं. त्याबद्दल त्यांना मान द्यायला माझी ना नव्हती. पण परवानगी काढता आली म्हणून शिकवणंही कळतं, असं होत नाही. ते अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकत, आणि कुणाचं बोलणं पटलं नाही की अडकित्ता खाली ठेवत. अडकित्ता खाली आला की बोलणारा मास्तर आपोआप खाली बसे.

दाराशी बसणारी दुसरी बाई हिंगोलीची. तिचं नाव मी इथं घेणार नाही. कुणाचंच घेणार नाही, पण तिचं तर मुळीच नाही. ती मोठ्या गावात राहून रीतसर शिकून आली होती. पायात चपला, हातात छत्री, आणि बोलणं असं की शब्दाशब्दाला इस्त्री केलेली. पहिल्याच बैठकीत मी ‘न्हाई’ म्हणाले तेव्हा तिनं सगळ्यांसमोर ‘नाही’ असं दुरुस्त केलं. सतरंजीवरचे हसले. मी त्या दिवसापासून तिच्याशी गरजेपुरतंही बोलत नव्हते.

तरी मी दर महिन्याला जात होते, कारण गेलं नाही तर वर्ग जाईल. आणि वर्ग गेला तर माझं काय होईल, हे मला चांगलं ठाऊक होतं. नवरा लवकर गेला, सासरच्यांनी मला भावाच्या दारात आणून सोडलं. वडिलांनी लहानपणी पोथी वाचण्यापुरतं शिकवलं होतं, तेवढीच शिदोरी. भावाच्या घरात मी सगळ्यांच्या मागून जेवत होते आणि सगळ्यांच्या आधी उठत होते. भावजय मला हाक मारत नसे. ‘कुणी हाय का तिकडं,’ असं म्हणायची आणि मी जायची. वर्ग सुरू झाला आणि गावातल्या बाया मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायला लागल्या. मग भावजयही एक दिवस म्हणाली, “जेवलात का?” एवढ्या दोन शब्दांसाठी मी शिकवत होते. समाजाचं कल्याण वगैरे सतरंजीवरच्यांनी बघावं.

वर्ग भरायचा आमच्या गोठ्यात. बैलं शेतात गेली की दुपारी गोठा रिकामा असे. शेण उचलायचं, एक हात सारवण फिरवायचं, आणि बाया येऊन भिंतीला पाठ लावून बसत. शेतकऱ्यांच्या घरच्या होत्या, एक धनगराची सून होती. लढाईचे दिवस, घासलेट मिळेना, पाट्या मिळेनात. एका पाटीवर दोघी लिहीत. हिंगोलीच्या वर्गालाही पाट्या कमीच होत्या, आणि माझ्या पाट्यांवर तिचा डोळा आहे हे मला कळत होतं.

आता खरी अडचण सांगते. आम्हाला दिलेलं पुस्तक देवांच्या नावांनी भरलेलं होतं. राम घरी आला, मारुती डोंगरावर गेला, गणपतीला दूर्वा वाहिल्या. लिहिणाऱ्या शहाण्याला वाटलं असेल, खेड्यातल्या बाया, देवाधर्माचं दिलं की बरं. पण आमच्याकडे पुरुषांचीही नावं देवांचीच की. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही. नाव घेतलं तर धन्याचं आयुष्य उणावतं असं मानत. म्हणजे पुस्तकातले निम्मे देव कुणा ना कुणाला वर्ज्य. धनगराच्या सुनेच्या नवऱ्याच्या नावात राम होता. ती पुस्तक उघडून वाचायची, “सीतेचा नवरा घरी आला. सीतेचा नवरा पाणी प्याला.” दुसरीला मारुती चालत नव्हता. ती म्हणायची, “अंजनीचं लेकरू डोंगरावर गेलं.” एकीच्या सासऱ्याचं नाव सोमवारावरून ठेवलेलं, तिच्या आठवड्यात ‘मंगळवारचा आदला वार’ असा एक वार होता. अंक शिकवायला गेले तर तिथंही तेच. धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. पाटीवर मी एकाचा आकडा काढला की सगळ्या मिळून म्हणत, “लाभ!” आणि पुढं बिनचूक दोन, तीन, चार.

सुरुवातीला मी कपाळावर हात मारून घेतला. मग एके दिवशी एक गोष्ट झाली. ही धनगराची सून वर्गात सगळ्यांत मागं होती. अक्षर म्हटलं की तिला सगळीच मेंढरं सारखी दिसत. खऱ्या मेंढरांतलं एकही तिला सारखं दिसत नसे, ते सोडा. मी पाटीवर असेच चार शब्द लिहिले होते, रान, मका, राम, माती. ती शेजारणीशी बोलता बोलता पाटीकडे वळली आणि तिनं एकदम पदर तोंडाला लावला. कुणी काही म्हणालं नव्हतं. शब्द कुणी वाचून दाखवला नव्हता. तिच्या डोळ्यांनी तो आपला आपण ओळखला होता.

त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. तोंडानं घडाघडा म्हणणारी बाई फसवू शकते, पाठ करून म्हणू शकते. आमच्या बायांचं पाठांतर असं, की पुस्तक उलटं धरून पानभर म्हणून दाखवतील. पण जी एका शब्दापाशी येऊन गप्प होते तिनं तो शब्द वाचलेलाच असतो. न वाचता कुठं थांबायचं हे कळणार कसं? मी शिकवणंच उलटं केलं. प्रत्येकीला पहिला शब्द द्यायचा तो तिनं कधीच न उच्चारायचा. आधी बोट ठेवून दाखवायचं, की हे तुमच्या घरचे. मग तो चार शब्दांत लपवायचा आणि ती कुठं थांबते ते बघायचं. पुढं त्याच शब्दाची अक्षरं सुटी करायची. रामातल्या ‘रा’चा रान, ‘म’चा मका. बाया हसत शिकल्या. एकमेकींच्या पाटीवर मुद्दाम नको ते नाव लिहून पदर तोंडाला लावायला लावायच्या. कधी नव्हे ते गोठ्यात हसण्याचा आवाज व्हायला लागला.

ही युक्ती बैठकीत सांगायची नाही असं मी ठरवलं होतं. पण एकदा वकीलसाहेब म्हणाले, “डोंगरकड्याच्या बाई कधी काही सांगत नाहीत. तुमच्याकडे शिकवणं चालतं की नुसत्या गप्पा?” मला चीड आली आणि चिडीच्या भरात मी सगळं सांगून टाकलं. गाढवापुढं वाचली गीता.

औंढ्याचे मास्तर मांडीवर थाप मारून म्हणाले, “म्हणजे जिला वाचता येत नाही ती पास!”

सतरंजी हसली. धर्मशाळेचा झाडलोट करणारा गडीसुद्धा हसला. मग माझ्या शेजारी बसलेली हिंगोलीची बाई उठली. मला वाटलं, बाई आहे, हिला तरी कळेल.

“ही रूढी मोडायची सोडून आपण तिला पाट्या पुरवायच्या का?” ती म्हणाली. “ज्या बाईच्या तोंडून स्वतःच्या नवऱ्याचं नाव निघत नाही तिला साक्षर म्हणणं ही फसवणूक आहे. आणि पहिल्या मापाला ‘लाभ’! एकाला एक म्हणता येत नसेल तर तो कसला हिशेब?”

वकीलसाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. माझ्या बाजूनं नव्हे, हे सांगायला नको. ठरलं ते असं, की हिंगोलीच्या बाईनं आठवडाभर डोंगरकड्याला जाऊन माझा वर्ग ताळ्यावर आणायचा. मग साहेब स्वतः येऊन बघणार. बायांनी पुस्तकात आहे तसं, मोठ्यानं, न अडता वाचलं पाहिजे. नाहीतर वर्ग बंद आणि पाट्या हिंगोलीला. मी तिच्याकडे पाहिलं. ती छत्री सरळ करत होती.

ती आमच्या घरी ट्रंक आणि स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन उतरली. भावजयीनं तिला चांगली वाकळ दिली, मला पोतं. गोठ्यात आल्या आल्या तिनं नाकाला रुमाल लावला. म्हटलं, लाव. शेण काय अत्तराचं असतं?

तिनं बायांना ओळीनं उभं केलं आणि प्रत्येकीला नवऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायला सांगितलं. बाया जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. एकीनं तर रडायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी एका घरची सासू गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

“आमच्या सुनांला काय शिकवून राहिले तुमी?” तिनं विचारलं. “मपल्या लेकाचं आयुष्य उतू चाललं का? अक्षरं शिकवा म्हनलं व्हतं, बेशरमी न्हाई.”

“आजीबाई, नाव घेतल्यानं कुणी मरत नाही,” हिंगोलीची बाई म्हणाली.

“तुमाला काय ठावं? तुमी घेऊन पायलं का?”

सासू सुनेला हाताला धरून घेऊन गेली. तिच्या मागं आणखी निघाल्या. तिसऱ्या दिवशी वर्गाला एकटी धनगराची सून आली. मी गव्हाणीला टेकून बसले होते आणि मला आतून बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? वर्ग बुडत होता, त्याबरोबर मीही बुडणार होते, तरी तिची फजिती बघून मला बरं वाटत होतं.

धनगराची सून साधी होती. तिच्या मनात खोच नव्हती. ती म्हणाली, “बाई, मला एकटीला लाज वाटती. तुमी घ्या की आदी तुमच्या मालकाचं नाव. तुमच्या मागून मी घेते.”

हिंगोलीच्या बाईनं तोंड उघडलं. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको करून तिला घराबाहेर काढलं होतं, हे हिंगोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि बैठकीत कुणी बोलत नव्हतं. ओठ हलले. आधी नजर कुठंतरी जाऊन थांबली, मग ओठ थांबले. ती रूढी मानत नव्हती, आयुष्य उणावण्याचं भय तर तिला नक्कीच नव्हतं. पण तो शब्द तिच्यानं काढवला नाही. धनगराची सून वाट बघत राहिली आणि मग तीच ओशाळून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, बाई. कुनालाच न्हाई जमत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीची बाई मला म्हणाली, “वर्ग तुम्ही घ्या. मी बसते.”

मी घरोघर फिरले. नाव घ्यायला लावणार नाही, माझी जबान आहे, असं सासवांना सांगितलं. बाया परत आल्या. ती कोपऱ्यात पोत्यावर बसून बघत राहिली, या वेळी नाकाला रुमाल नव्हता. मी पाटीवर शब्द लिहीत होते, बाया वाचत होत्या, आपल्या शब्दाशी येऊन थांबत होत्या, शेजारणी हसत होत्या. संध्याकाळी भाकरी खाताना तिनं मला त्या आठवड्यातला एकच प्रश्न विचारला.

“ती लाजून थांबते की वाचून थांबते, हे तुम्हाला कसं कळतं?”

मला सांगायचं नव्हतं. पण प्रश्न बरोबर होता. सतरंजीवरच्या एकाही मास्तराला तो सुचला नव्हता.

“डोळ्यांकडं बघायचं,” मी म्हणाले. “तोंडाकडं न्हाई. आदी डोळे थांबतात, मंग तोंड.”

तिनं मान हलवली आणि ती पाणी प्यायली.

वकीलसाहेब टांग्यातून आले. गोठ्यात त्यांच्यासाठी भावानं खुर्ची मांडली. बाया पदर पुढं ओढून बसल्या. साहेबांनी पुस्तक धनगराच्या सुनेच्याच हातात दिलं. तिनं नीट वाचायला सुरुवात केली आणि मग वाचलं, “सीतेचा नवरा घरी आला.”

साहेबांनी पुस्तक काढून घेतलं, शब्दावर बोट ठेवलं. “इथं काय लिहिलंय?”

ती गप्प.

“हिला येत नाही. हिनं कुणाकडून तरी ऐकून पाठ केलंय.” त्यांनी पुस्तक दुसरीला दिलं. ती अंजनीच्या लेकराशी येऊन अडली. तिसरी तर भीतीनं पुस्तकालाच हात लावेना. साहेबांनी पुस्तक मिटलं. “ठरल्याप्रमाणे करावं लागेल. पाट्या टांग्यात ठेवा.”

मी पुढं झाले. “साहेब, तिला येतंय वाचायला. येतंय म्हनूनच ती—”

“तुमचं त्या दिवशी ऐकलं,” ते म्हणाले. “तेच पुन्हा ऐकायला मी इतक्या दूर आलो नाही.”

भाऊ पाट्या गोळा करायला लागला. आपल्या घरातली भांडी उचलावीत तसा, एकावर एक. भावजय दारात उभी होती. तिची नजर माझ्याकडे होती आणि तिच्यात मला ते जुनं ‘कुणी हाय का तिकडं’ दिसायला लागलं होतं.

तेव्हा हिंगोलीची बाई म्हणाली, “साहेब, थांबा. ही माझी पद्धत आहे.”

साहेबांनी वळून पाहिलं.

“बैठकीत यांनी सांगितलं ते अर्धवट होतं,” ती त्याच इस्त्रीच्या भाषेत म्हणाली. “मी या आठवड्यात तिला शास्त्रशुद्ध रूप दिलं. तुम्ही स्वतः परीक्षा घ्या. यांच्या भावाला बाहेर नेऊन एखादीच्या घरच्यांचं नाव विचारा. मला सांगू नका, यांनाही सांगू नका. तुमच्या हातानं ते पाटीवर इतर शब्दांत लिहा, पुस्तकातले नकोत. मग बघा.”

साहेबांना परीक्षा घ्यायला आवडायचं. ते बाहेर जाऊन आले, पाटीवर वळणदार अक्षरात शब्द लिहिले आणि एका बाईपुढं धरले. ती वाचत गेली. दोर, विहीर, कणीस. मग थांबली आणि पदर तोंडाला गेला. पुढचे शब्द तिनं पुन्हा घडाघडा वाचले. साहेबांनी दुसरीला पाटी दिली. तीही बरोबर आपल्याच शब्दाशी थांबली. धनगराच्या सुनेचा शब्द त्यांनी फसवायला ओळीच्या शेवटी ठेवला होता, ती तिथंही फसली नाही. साहेब खुर्चीत मागं रेलून लहान पोरासारखे हसले.

“वा, बाई!” ते म्हणाले. “पाठांतर नाही हे सिद्ध करायला याहून चांगली कसोटी नाही. याला म्हणतात शिक्षण. पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवा.” भावाला त्यांनी पाट्या परत ठेवायला सांगितलं. जाताना मला म्हणाले, “बाईंकडून शिकून घ्या.”

टांगा गेला. हिंगोलीची बाईही त्याच टांग्यातून गेली, ट्रंक आणि तांब्या घेऊन. मी गोठ्यात उभी होते आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. आयत्या बिळावर नागोबा! जिनं हसण्यावारी नेलं, जिनं बाया रडवल्या, तिची पद्धत? मी भावजयीपुढं तोंडाला येईल ते बोलले. चोरटी म्हणाले, आणखीही काही म्हणाले, ते लिहिता येणार नाही.

भावजय दाणे निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“ती पद्धत तुमची म्हनली असती तर त्यानं वर्ग ठेवला असता का?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“मंग काहून बोंबलून राहिले? अन् आता तुमी जाऊन माझी हाय म्हनलं, तर ती खोटी पडती. ती खोटी पडली की तुमचाबी वर्ग जातो अन् तिचाबी. साहेबाला कुनी फसवलेलं खपत न्हाई.”

तिला अक्षर येत नव्हतं. वर्गात ती कधी बसली नाही. मी तिला तोडून म्हणाले, की मला शहाणपण शिकवू नका. तिनं दाणे पाखडले आणि म्हणाली, “बरं. जेवून घ्या.”

पुढच्या बैठकीला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. गेले. मोटार वाटेत बंद पडली तेव्हा वाटलं, बरं झालं. ती पुन्हा सुरू झाली. धर्मशाळेत पोचले तेव्हा हिंगोलीची बाई सतरंजीच्या कडेला उभी होती, दाराशी नव्हे. तिनं आपल्या वर्गातल्या दोन बाया आणल्या होत्या. ती पाटीवर शब्द लिहीत होती, तसेच लपवून लिहीत होती, आणि बाया तशाच थांबत होत्या. रासेच्या मोजणीतला ‘लाभ’ही तिनं सांगितला, की तोंडानं काय म्हणतात त्याच्याशी भांडू नका, हात कोणता आकडा काढतो ते बघा. हे माझं वाक्य होतं, मागच्या बैठकीत चिडून बोललेलं, शब्दन् शब्द. फक्त इस्त्री केलेलं. औंढ्याचे मास्तर म्हणाले, वाहवा. महिन्यापूर्वी मांडीवर थाप मारणारा हाच माणूस.

“आणखी एक,” ती म्हणाली. “बाईच्या तोंडाकडे बघू नका. डोळ्यांकडे बघा. आधी डोळे थांबतात, मग तोंड.”

मी चपलांच्या ढिगाशेजारी बसले होते, एकटी.

वकीलसाहेब सुपारी कातरत होते. ते खुशीत होते. “डोंगरकड्याच्या बाईंच्या वर्गावरच हा प्रयोग झाला,” ते सगळ्यांना म्हणाले. “माझ्या डोळ्यांदेखत. उठा बाई, दोन शब्द बोला. ही पद्धत कुणाची, तुमच्या वर्गाला तिचा काय फायदा झाला, तुमच्या तोंडून ऐकू द्या सगळ्यांना.”

मी उठले. त्या सतरंजीवर माझ्याकडे इतक्या माना एकदम कधी वळल्या नव्हत्या. वकीलसाहेबांचा अडकित्ता हातात होता, अजून खाली ठेवलेला नव्हता. मला गोठा दिसला, भिंतीला पाठ लावून बसलेल्या बाया दिसल्या, भावाच्या हातात एकावर एक चढलेल्या पाट्या दिसल्या.

“ही पद्धत,” मी म्हणाले, आणि पुढचा शब्द तोंडाशी आला. साधा होता, दोन अक्षरांचा, माझ्या हक्काचा. तो आला तिथंच राहिला.

सगळे मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती.